नववीतला मुलगा, ऑनलाईन गेम आणि लेगो : किती चालू द्यायचं?

मृण्मयी_ठाणे
मुलगा चौदा वर्षांचा, नववीत आहे. त्याला दोनच गोष्टींचं वेड. एक लेगो, आणि दुसरं ऑनलाईन गेम, म्हणजे मुख्यतः माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी बांधायचा) आणि वर्गातल्या मित्रांबरोबर बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा). सासऱ्यांचं म्हणणं लेगो राहू दे, त्यात निदान डोकं लागतं, पण ते गेम आजच्या आज बंद करा. नवऱ्याचं बरोबर उलट, गेमला खर्च नाही, तो शनिवार-रविवार खेळला तर बिघडलं कुठे, पण एका डब्यासाठी सहा-सात हजार घालायचे आणि शेवटी ते तुकडे पलंगाखालीच जायचे ना. आता पुढच्या वर्षी दहावी आणि नणंद, जावा, शेजारच्या काकू सगळ्यांचं एकमत आहे की मे महिन्यातच दोन्ही माळ्यावर टाक.
मला ते पटत नाहीये. गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या पोरांबरोबर याने राजगड केला, नेहमीची दगड-माती, गोणपाट, वर हळीव पेरलेले, पण संजीवनी माचीचा तट मातीत नीट वळेना म्हणून तेवढा तट त्याने लेगोचा केला आणि त्यावर माती लिंपली. आणि आता तोच गड माइनक्राफ्टमधे बांधायला घेतलाय. मला तरी हे दोन छंद वेगळे दिसतच नाहीत. बीजीएमआयचं मात्र सांगता येत नाही, त्यावरूनच घरात आवाज चढतात.
ज्यांची मुलं या वयातून गेलीत त्यांनी सांगा, दहावीला काय केलंत? आणि भांडण न होता वेळेचं कसं जमवलंत?

कट्टेकरी
माळ्यावर नका टाकू. मराठी घरात माळ्यावर गेलेली वस्तू फक्त घर बदलताना खाली येते :)

रेडस्टोनवाला
मृण्मयी, दोन छंद वेगळे नाहीत हे तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. मी सॉफ्टवेअरमधे आहे आणि माझी मुलगी हेच दोन्ही करते, त्यामुळे रोज जवळून बघतोय.
माइनक्राफ्टमधे रेडस्टोन म्हणून एक प्रकार असतो, लाल भुकटी, ती जमिनीवर पसरली की वायरसारखी चालते. सिग्नल निघतो तो १५ ठोकळे जातो, दर ठोकळ्याला एकाने कमी होतो आणि मग संपतो, पुढे न्यायचा तर मधे रिपीटर बसवायचा, तो सिग्नल परत पूर्ण करतो पण थोडा उशीर लावतो. रेडस्टोनची मशाल ठोकळ्याला लावली की सिग्नल उलटा होतो, म्हणजे खाली चालू तर वर बंद. आम्ही इंजिनिअरिंगला नॉट गेट म्हणून जे घोकलं ते पोरगी सातवीत कोणी न शिकवता लावत होती. तिने पिस्टनचा (ठोकळे ढकलणारा भाग) दरवाजा केला, दोन्ही बाजूंनी बटणं, आणि तो अर्धवटच उघडायचा, कारण एका बाजूला वायर लांब पडत होती म्हणून मधे रिपीटर लागला होता आणि त्या बाजूचे पिस्टन उशिरा हलायचे. कागदावर चौकोन काढून एकेक ठोकळा मोजत बसली आणि जवळच्या बाजूला रिपीटर लावून दोन्हीकडचा उशीर सारखा केला. हे डोकं लागणं नाही तर काय आहे? आजोबांना एकदा शेजारी बसवून तो गड बघायला लावा.

आजोबा_सांगलीकर
मी त्याच आजोबांच्या वयाचा आहे तेव्हा त्यांच्या बाजूने बोलतो. डोकं लागतं हे मान्य. पण चौदा वर्षांच्या मुलाचं अंग कुठे लागतं? संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हा वेळ मैदानाचा, तो लेगोनेही खायचा नाही आणि गेमनेही. आमच्या नातवाची मान बघा, बसल्याजागी पुढे आलेली, डोळ्याचा नंबर दर वर्षी वाढतोय. छंद काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. मैदानाची वेळ आधी बाजूला काढा आणि उरलेल्या वेळात काय ते वाटा.

मृण्मयी_ठाणे
आजोबा, हे मात्र खरं आहे. पाचवीपर्यंत खाली खेळायला जायचा, आता बरोबरीची मुलं क्लासला जातात म्हणून खाली कोणी नसतंच, सगळे रात्री नऊला ऑनलाईन भेटतात. म्हणजे ते गेम खेळतात की गप्पा मारतात तेच कळत नाही मला.

निशिगंधा
गप्पाच मारतात! माझ्या मुलाच्या खोलीबाहेर उभी राहून ऐकलंय मी, अर्ध्या वेळी सरांची नक्कल चालू असते. पण म्हणून बीजीएमआय आणि माइनक्राफ्ट एका तागडीत घालू नका प्लीज. माइनक्राफ्टमधे आज बांधलेलं उद्या तिथेच असतं. बीजीएमआयमधे मॅच संपली की हातात काही नाही, फक्त रँक, आणि ती रँक सीझन बदलला की खाली येते, म्हणून परत खेळायचं. ते तसं बनवलेलंच आहे. वर यूसी (गेममधले विकतचे पैसे), स्किन (कपडे, बंदुकांची सजावट), क्रेट म्हणजे बंद खोके उघडायचे, काय निघेल ते नशिबावर. माझ्या भाच्याने एका गेममधे (हा नाही, दुसरा) त्याच्या बाबांच्या फोनवरून बऱ्यापैकी पैसे घातले होते, बाबांना बँकेचा मेसेज बघितल्यावर कळलं. यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकत जाऊ नका, एवढं तर आजच करा.

खानदेशी_वांगं
पण आता सरकारने ऑनलाईन गेमवर बंदी आणली ना? मग हे चालू कसं?

निशिगंधा
@खानदेशी_वांगं, ऑगस्ट २०२५ मधे जो कायदा झाला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, रमी वगैरे. स्किन विकत घेणं त्यात येत नाही. ईस्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, तर त्याच कायद्यात मान्यता दिलीये.

कोकणी_काका
आणि हे वाक्य पोराने वाचलं तर उद्या म्हणेल मी ईस्पोर्ट्सपटू होणार, मला गेमिंग खुर्ची पाहिजे :))

बारावी_पीसीएम
मी या धाग्यावरचा बहुतेक सगळ्यात लहान मेंबर. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून लिहितोय.
काकू, भांडण नेमकं कशावरून होतं ते सांगतो. तुम्ही हाक मारता ‘चल बंद कर, जेवायला ये’ आणि तो म्हणतो पाच मिनिटं, आणि पंचवीस मिनिटांनी येतो. तुम्हाला वाटतं खोटं बोलला. पण बीजीएमआयच्या एरँगल मॅपवर शंभर जण उतरतात, स्क्वॉड चार जणांचा, आणि शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास जातो. मधे पॉज नाही. मधेच उठलं तर बाकी तिघे तोंडघशी पडतात, दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे त्याच्यासाठी ते टीव्ही बंद करण्यासारखं नसतंच.
आमच्या घरी आईने हे समजून घेतल्यावर नियम बदलला. घड्याळ न बघता मॅच मोजायच्या. साडेआठनंतर नवीन एरँगल सुरू करायची नाही, फार तर टीडीएम (दोन टीमची छोटी मॅच), ती दहा मिनिटांत आटपते. नियम साधाच होता पण भांडण जवळजवळ बंद झालं कारण तो पाळणं मला शक्य होतं. माइनक्राफ्टला तर हा प्रश्नच नाही, एकट्याचं वर्ल्ड असेल तर कधीही सेव्ह करून उठता येतं.
आणि अठराच्या खालच्यांना बीजीएमआय दिवसाला तीन तासांच्या वर खेळू देत नाही, पालकांच्या नंबरवर ओटीपी जातो. पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी वय खोटं टाकलेलं असतं. तुमच्याकडे ओटीपी आलेला आठवतोय का बघा.

मृण्मयी_ठाणे
ओटीपी? मला कधीच आला नाही. आज संध्याकाळी विचारते त्याला.
मॅच मोजायची कल्पना फार आवडली, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

कोकणी_काका
बारावी_पीसीएम, शाब्बास. पण तू आत्ता इथे काय करतोयस, अभ्यासाला बस.

बारावी_पीसीएम
ब्रेक आहे काका :)

बिलुंडहून
मी डेन्मार्कमधे राहते, बिलुंड, म्हणजे लेगोचं गाव, आमच्यापासून दीड तासावर. इथे लेगोला कोणी लहान मुलांचं खेळणं समजत नाही, ऑफिसातल्या पन्नाशीच्या बायकांच्या घरी कपाटात सेट लावलेले असतात. कंपनी १९३२ सालची, एका सुताराने काढलेली, आधी लाकडी खेळणी करायचे. आपण जो ठोकळा ओळखतो, आतून नळ्या असलेला, त्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो! माझ्या सासूबाईंच्या लहानपणचे ठोकळे आमच्या मुलाने केलेल्या लेगोच्या घराच्या भिंतीत आहेत, रंग जरा पिवळट झालाय, पकड अजून तशीच.
बिलुंडच्या लेगो हाउसमधे (लेगोचं प्रदर्शन) सहा ठोकळ्यांचं गणित बघितलं होतं, दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात, तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. दोनच असतील तर २४. मुलाला आधी तिनाचं काढायला सांगा. (१०६० येतं, पण उत्तर आधी सांगू नका, चांगला आठवडाभर बसेल.)
मृण्मयीच्या नवऱ्याला एक सांगायचंय, पलंगाखाली गेलेले तुकडे वाया जात नाहीत. खरी मजा सेट मोडल्यावरच सुरू होते. पुस्तिकेत बघून केलेलं मॉडेल ही उजळणी, पोतंभर सुट्या तुकड्यांतून स्वतःचं काही करणं हा खरा खेळ.

हिशोबी
नवऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. भारतात हे महाग का पडतं तर खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मधे २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मधे ७०. त्याच्यावर जीएसटी. अमेरिकेतून येणाऱ्या भावाच्या बॅगेत जागा असेल तर तिथून मागवा, आमच्याकडे दर वर्षी चितळ्यांची बाकरवडी जाते आणि लेगो येतो :)
आणि सुटे तुकडे किलोवर जुन्यात मिळतात. मोठ्या शहरांत हौशी लोकांचे ग्रुप आहेत, मुलं मोठी झाली की लोक अख्खी टोपली काढतात. आणल्यावर कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवायचे, चाळीस अंशांच्या वर गरम पाणी नको, आणि वाळवताना उन्हात नाही ठेवायचे. मोटर, बॅटरीचे तुकडे आधीच बाजूला काढा.

सुगरण_मी
धुतलेले तुकडे कुरडयांसारखे जुन्या साडीवर पसरलेले आहेत सध्या आमच्या हॉलमधे. कामवाल्या मावशी बघून हसतायत.

अपर्णा_वि
मावशींवरून आठवलं, आमच्याकडे केर काढताना सापडलेला प्रत्येक तुकडा मावशी एका वाटीत ठेवतात, वाटी भरली की लेक त्यांना चहा करून देतो. असा त्यांचा करार आहे.
मृण्मयी, तुझ्याकडे तुकडे कसे ठेवतो तो? रंगावर लावत असेल तर बदलायला सांग. सगळ्यांना आधी रंगच सुचतो, दिसतं पण छान. पण लाल ढिगात लाल छोटी पट्टी शोधायची म्हणजे डोळे फुटतात. आकारावर लावलं, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकीकडे, उतार एकीकडे, चाकं-आस एकीकडे, की त्यातला हवा तो रंग पटकन दिसतो. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रू ठेवायचे ते छोट्या कप्प्यांचं खोकं आणलं. लेकाने सुट्टीतला एक आख्खा आठवडा वर्गवारी केली, आणि त्या आठवड्यात फोन मागितला नाही.

आजोबा_सांगलीकर
आमच्या वेळी मेकॅनो होतं, पत्र्याच्या भोकं असलेल्या पट्ट्या आणि पितळी नटबोल्ट. क्रेन करायचो. एक नट हरवला की पाटाखाली, चुलीमागे शोधायचा, कारण नवा मिळायचा नाही. अपर्णाताईंची वर्गवारीची पद्धत वाचून बरं वाटलं. हे काम नातवाबरोबर मी पण करू शकेन.

शाळेतली_बाई
मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. सगळे मुलांबद्दलच बोलतायत म्हणून जरा मुलींबद्दल. माझ्या वर्गातली एक मुलगी बीजीएमआय फार छान खेळते, पण मुलाचं नाव घेऊन आणि माइक बंद ठेवून, कारण आवाज ऐकला की समोरचे अनोळखी लोक काहीही बोलतात. तिच्या घरी माहीत नाही. असं मुलांच्याही बाबतीत होतं, शिव्या, धमक्या, ‘तुझा नंबर दे’. तेव्हा किती तास यापेक्षा मी पालकांना आधी विचारते की कोणाबरोबर खेळतो? ओळखीच्या चार जणांचा स्क्वॉड वेगळा आणि रँडम वेगळा. माइनक्राफ्टचा सर्व्हरही मित्रांचाच असेल, यादीत नाव असलेल्यांनाच येता येत असेल तर मला काळजी वाटत नाही. खुल्या सर्व्हरवर कोण बसलंय ते कळत नाही.
दुसरं, तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का बघा. सहावी ते बारावीसाठी असते, थ्रीडी प्रिंटर, अर्ड्युइनो (प्रोग्राम करायचे छोटे सर्किट बोर्ड), सेन्सर असतात. बऱ्याच शाळांत कुलूप असतं, पालकांनी विचारलं तरच उघडतं, म्हणून विचाराच. अशा मुलाला तिथे हाताला काम मिळतं.

अपर्णा_वि
बाई, माइकचं वाचून पोटात गोळाच आला. माझी धाकटी पण खेळते. आज विचारते तिला.

ओपीडीतून
मुलांचा डॉक्टर आहे. ‘गेमचं व्यसन’ हा शब्द फार सैल वापरला जातो म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे, पण त्यात काय म्हटलंय ते बघा. थांबता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने, घर-शाळा-मित्र यांवर ठळक परिणाम होईल इतकं. म्हणजे नुसता ‘दोन तास खेळतो’ हा आजार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी अशा ठिकाणी जरूर जावं.
मी ओपीडीत तीन गोष्टी विचारतो. झोप किती? आधी आवडणारं काय सुटलं? हरल्यावर किंवा बंद करायला लावल्यावर वस्तू फेकाफेकी, खोटं बोलणं, पैसे घेणं असं काही? मृण्मयीताईंच्या मुलाचा लेगो सुटलेला नाही, मित्र आहेत, गड बांधतोय. हे चित्र मला निरोगी दिसतं. ज्या दिवशी लेगोच्या डब्यावर धूळ बसेल आणि फोन मात्र रात्री एकला चालू असेल, त्या दिवशी बघा. आणि फोन रात्री खोलीत नको, हे मी सगळ्याच घरांना सांगतो, मोठ्यांचेही फोन बाहेरच.

कट्टेकरी
शेवटचं वाक्य वाचून बायकोने माझ्याकडे बघितलं.

दहावी_झाली_एकदाची
मूळ प्रश्नावर येते, दहावीला काय केलं. आमचा गेल्या वर्षी झाला.
मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलाचं सगळं जूनमधेच बंद केलं होतं. तो घरी खेळत नव्हता, क्लासच्या बाहेर मित्राच्या फोनवर खेळायचा आणि घरी यायला उशीर करायचा. ते बघितल्यामुळे आम्ही वेगळं केलं. बीजीएमआय त्याने स्वतः दिवाळीनंतर काढून टाकलं, आम्ही सांगितलं नाही, रँक राखायला वेळ पुरत नाही म्हणून. माइनक्राफ्ट रविवारी दुपारी. लेगो मात्र अभ्यासाच्या टेबलावर एका ताटात पूर्ण वर्षभर होता. एक तास झाला की दहा मिनिटं तो हाताने काहीतरी जोडत बसायचा, स्क्रीन नाही, बोलणं नाही. त्या दहा मिनिटांत फोन घेतला तर चाळीस होतात, ठोकळे घेतले तर दहाच राहतात, हा आमचा अनुभव. पूर्वपरीक्षेच्या आधी मोठा सेट सुरू करायचा नाही एवढं फक्त ठरलं होतं, कारण अर्धवट मॉडेल समोर असलं की चैन पडत नाही त्याला.
मार्क चांगले पडले, पण ते यामुळेच असं मी म्हणणार नाही. घरात वर्षभर कोणी कोणावर ओरडलं नाही, मला तेच मोठं वाटतं.

हिशोबी
ताटात ठोकळे ही आयडिया आवडली. मी ऑफिसच्या टेबलावर ठेवणार.

लिंबूटिंबू_नागपूर
सगळे इतकं समजूतदारपणे लिहितायत पण माझा विरोध नोंदवून ठेवा. मॅच मोजा, ओटीपी बघा, यादी तपासा, हे करायला आईबाप दोघं सहाला घरी येणारे हवेत. आम्ही दोघं आठला येतो, मुलगा तीनपासून एकटा. आम्ही वायफायच साडेसातपर्यंत बंद ठेवतो आणि मोबाईल डेटा त्याच्या फोनवर नाही. भांडण झालं, महिनाभर तोंड फुगवलं, आता बुद्धिबळाच्या क्लबात जातो. प्रत्येक घराला समजुतीचा मार्ग परवडत नाही.

शाळेतली_बाई
@लिंबूटिंबू_नागपूर, यात काहीच चूक नाही. नियम कडक असला तरी रोज तोच असेल तर मुलं मानतात. सोमवारी चालतं आणि मंगळवारी ओरडा बसतो, अशा घरात जास्त बिनसतं.

रेडस्टोनवाला
मृण्मयी, अजून एक सुचवतो. स्टुडिओ म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या साइटवर मिळतं. त्यात हवे तेवढे ठोकळे, हव्या त्या रंगाचे, स्क्रीनवर जोडायचे, आणि शेवटी कुठला तुकडा किती लागेल याची यादी निघते. संजीवनी माचीच्या तटाला वळण आहे, शिवाय दुहेरी तट, मधे माणूस जाईल एवढी जागा. चौकोनी ठोकळ्यांत ते वळण आणणं ही चांगलीच परीक्षा आहे. माइनक्राफ्टमधे ठोकळा एक मीटरचा धरतात त्यामुळे मोठ्या आकारात वळण पायऱ्या-पायऱ्यांनी जमून जातं, लेगोत बिजागरीचे तुकडे लागतात. गूगल अर्थवर पट्टी लावून तटाची मापं घेता येतात. आधी स्टुडिओत करून बघू दे, मग लागतील तेवढेच तुकडे जुन्यात घ्या. नवऱ्याचा खर्चाचा मुद्दा पण त्यात सुटतो.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.
काल बोलले त्याच्याशी. वय त्याने एकोणीस टाकलेलं निघालं, स्वतःहून सांगितलं. आता माझ्या नंबरवर खरं वय टाकून करायचं ठरलंय, तो जरा कुरकुरला पण मॅच मोजायच्या नियमाला एका मिनिटात हो म्हणाला. शाळेच्या दिवशी दोन मॅच, साडेआठनंतर नवीन नाही, आणि रँडम लोकांबरोबर नाही. आजोबांनी मैदानाची वेळ आधी बाजूला काढा म्हटलं होतं, तर सोमवार-बुधवार-शुक्रवार सासरे त्याला घेऊन तलावपाळीला जाणार आहेत, चालत. सासऱ्यांनी गड पण बघितला. पद्मावती माचीवर तळं कुठे आहे ते चुकलंय म्हणाले आणि आता दोघं मिळून ते दुरुस्त करतायत, त्यामुळे गेम बंद करा हा विषय सध्या घरात निघत नाहीये. दहावीला दोन्ही चालू राहणार, गणपतीनंतर परत बसून ठरवू.
एक राहिलं, रेडस्टोनवाले, मित्रांच्या सर्व्हरला त्याला माइनक्राफ्टची जावा एडिशन पाहिजे म्हणतो. आमच्याकडे टॅब आहे, त्यावर चालेल का? नवीन काही घ्यायला लागणार असेल तर नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवते.

रेडस्टोनवाला
टॅबवर जावा चालत नाही, त्याला विंडोज, मॅक किंवा लिनक्सचा कॉम्प्युटर लागतो. टॅबवर बेडरॉक ही दुसरी एडिशन चालते, आणि बेडरॉकवाल्याला जावाच्या सर्व्हरवर सरळ जाता येत नाही. आधी मित्र कशावर खेळतात ते विचारा. निम्मे जण फोनवर असतील तर सगळ्यांनी बेडरॉकवरच या म्हणावं, काही घ्यायला नको. आणि घरात जुना लॅपटॉप असेल तर मॉडेल इथे टाका, बघून सांगतो.